लिन रोडचे मैदान शोधताना : एका स्थानिक फुटबॉल क्लबचा इतिहास लिहिण्याचा अनुभव

४ फेब्रुवारी २०२४ रोजी, रविवारी दुपारी, कोल्हापूरहून बाबांचा फोन आला. जेवणखाण, थंडी, तब्येत अशी नेहमीची विचारपूस झाल्यावर ते म्हणाले, "अगं, १९४८ च्या ऑलिंपिकला आपली टीम अनवाणी खेळली ती तुझ्या त्या इलफर्डात. मैदान अजून असंल तर एक फोटो काढून पाठव." बाबांची हयात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेली आहे. आमच्या पेठेतील तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना असला की घरातील जेवणाची वेळ त्या सामन्यावर ठरत असे. मी पूर्व लंडनमधील इलफर्डमध्ये सहा वर्षे राहत होते, रोज तिथल्याच रस्त्यांवरून स्टेशनकडे जात होते, आणि मला यातले काहीही ठाऊक नव्हते.

त्या एका फोटोपायी पुढचे सव्वा वर्ष गेले आणि अखेरीस इलफर्ड फुटबॉल क्लबच्या इतिहासाची ३६ पानांची पुस्तिका तयार झाली. हे काम कोणत्या क्रमाने झाले, कुठे अडले, किती दिवस आणि किती पैसे लागले, ते इथे सविस्तर लिहून ठेवत आहे. आपल्याकडील कित्येक तालमींचा आणि क्रीडा मंडळांचा इतिहास असाच कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहे, आणि तो लिहावा असे वाटणाऱ्याला पहिले काही महिने सुरुवात कुठून करावी हेच उमगत नाही. माझेही तसेच झाले होते.

सामना खरा होता. ३१ जुलै १९४८, शनिवार, भारत विरुद्ध फ्रान्स. स्वातंत्र्याला अजून वर्षही पुरे झाले नव्हते. बर्माचा संघ न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली होती, त्यामुळे स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधील पहिला फुटबॉल सामना इलफर्डमध्ये झाला. कर्णधार होते नागालँडचे तालिमेरेन आओ, जे कोलकात्यात वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत मोहन बागानकडून खेळत असत. संघातील बहुतेक खेळाडू पायाला पट्ट्या बांधून, बुटांशिवाय खेळले. फ्रान्सने तिसाव्या मिनिटाला गोल केला, सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली, आणि सामना संपायला एखादे मिनिट उरले असताना फ्रान्सचा दुसरा गोल झाला. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. एक शैलेन मन्ना यांची आणि दुसरी महावीर प्रसाद यांची, दोन्ही वाया गेल्या. बाबांना हे सगळे पाठ होते. त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला येऊन कुस्तीच्या फ्लायवेट गटात सहावे आले होते, त्यामुळे आमच्या घरात १९४८ चे लंडन हा जवळच्या नात्यातल्यासारखा विषय होता.

१० फेब्रुवारीला, शनिवारी, मी इंटरनेटवरील एका यादीवर विश्वास ठेवून हाय रोडवरील क्रिकलफील्ड स्टेडियमवर गेले, कुंपणाबाहेरून चार फोटो काढले आणि बाबांना पाठवले. त्यांनी ते तासाभरात तालमीच्या ग्रुपवर टाकले. दोन दिवसांनी दुसऱ्या एका यादीत याच सामन्यापुढे 'लिन रोड' असे नाव दिसले आणि मी अस्वस्थ झाले. अधिक वाचल्यावर लक्षात आले की क्रिकलफील्डशी जोडलेला आजचा इलफर्ड क्लब हा १९८७ मध्ये नव्याने उभा राहिलेला क्लब आहे. १९४८ मधला इलफर्ड क्लब, म्हणजे १८८१ मध्ये स्थापन झालेला मूळ क्लब, न्यूबरी पार्क भागातील लिन रोडवरील स्वतःच्या मैदानावर खेळत असे, आणि ऑलिंपिकचे सामने भरवण्यासाठी याच क्लबचे मैदान घेतले गेले होते. मी बाबांना फोन करून चूक सांगितली. त्यांनी ग्रुपवर दुरुस्ती टाकली आणि मला एवढेच विचारले, "मग खरं मैदान कुठं गेलं?"

या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही एका ठिकाणी मिळाले नाही, म्हणून हे काम वाढत गेले. स्वतःच्या चुकीतून मिळालेली पहिली सूचना इथेच देते. कोणत्याही क्लबचा इतिहास शोधताना आधी क्लबची सगळी नावे, त्याची सगळी मैदाने आणि प्रत्येकाची वर्षे यांचा एक तक्ता करावा. मी तो तक्ता एप्रिलमध्ये केला. फेब्रुवारीतच केला असता तर चुकीच्या नावाखाली शोध घेण्यात गेलेले सहा आठवडे वाचले असते.

पहिला आधार मला पैसे न देता मिळाला. १९४८ च्या ऑलिंपिकचा अधिकृत अहवाल लॉस एंजेलिसच्या एलए८४ फाउंडेशनच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही उतरवून घेता येतो. त्यातील फुटबॉलच्या प्रकरणातून सामन्यांच्या तारखा आणि निकाल पक्के झाले. फुटबॉलचे सामने ज्या मैदानांवर झाले त्यांत आर्सेनलच्या हायबरीसारखी मोठी मैदाने होतीच, पण डलिच हॅम्लेटचे चॅम्पियन हिल, वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूचे ग्रीन पाँड रोड आणि इलफर्डचे लिन रोड ही हौशी क्लबांची मैदानेही होती. ग्रीन पाँड रोडचे नाव पुढे आपल्या गोष्टीत परत येणार आहे.

इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींतील ९२ क्लब हे 'लीग'मधले आणि त्यांच्या खाली असलेले सगळे 'नॉन-लीग' म्हणून ओळखले जातात. एकेकाळी यातील बरेचसे क्लब हौशी खेळाडूंचे होते. कारकून, शिक्षक, छापखान्यातील कामगार आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळत असत, आणि आसपासच्या गल्ल्यांतून आलेले लोक त्यांना नावाने ओळखत. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१२ मार्चला, मंगळवारी, अर्ध्या दिवसाची रजा काढून मी क्लेमेंट्स रोडवरील रेडब्रिज मध्यवर्ती ग्रंथालयातील स्थानिक इतिहास विभागात गेले. तिथे आधी ईमेलने वेळ घेतली होती आणि मला नेमके काय हवे आहे ते चार ओळींत लिहून पाठवले होते, जे फार उपयोगी पडले, कारण मी पोहोचले तेव्हा 'इलफर्ड रेकॉर्डर' या स्थानिक साप्ताहिकाच्या मायक्रोफिल्मची रिळे काढून ठेवलेली होती. मायक्रोफिल्म वाचणे ही हाताला सवय लागण्याची गोष्ट आहे. रिळाचे टोक काचेखालून सरकवून पलीकडच्या चकतीत अडकवावे लागते. यंत्राची फिरवायची मूठ जरा जोरात फिरली की तीन आठवडे डोळ्यांसमोरून धावत जातात. पडद्यावर करडी पाने सरकत राहतात, सिनेमांच्या जाहिराती, भाड्याने खोली पाहिजे, भाजीपाल्याच्या प्रदर्शनाचे निकाल, आणि मधेच, तळाशी, एका रकान्यात फुटबॉल. पहिल्या दोन तासांत मला अक्षरशः मळमळू लागले. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी सुचवले की दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर पाहावे आणि खेळाचे पान साधारण कितवे असते हे आधी हेरून ठेवावे, म्हणजे प्रत्येक अंक पहिल्यापासून पाहावा लागत नाही. त्या दिवशी फक्त चार महिन्यांचे अंक पाहून झाले. एकूण सात फेऱ्या झाल्या. छापील प्रतींचा खर्च सगळा मिळून ८ पौंडांच्या आसपास गेला.

अशाच एका फेरीत, १९४८ च्या ऑगस्टचे रीळ लावलेले असताना, त्या सामन्याचा मजकूर समोर आला. मी तो तीनदा वाचला आणि मग नोंद करायची राहून जाईल या भीतीने आधी वरची तारीख लिहून घेतली. आपण घरात ऐकलेली गोष्ट, जिथे घडली त्या गावच्या कागदावर, दुसऱ्या कुणाच्या शब्दांत वाचताना काय वाटते ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. बाबांना फोन लावला तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आणि मी वाचून दाखवत असताना ते मधे एकदाही बोलले नाहीत.

एप्रिलमध्ये ब्रिटिश लायब्ररीचे वाचकपत्र काढले. ते विनामूल्य असते. त्यासाठी सेंट पँक्रस येथे प्रत्यक्ष जावे लागते आणि नावाचा एक व पत्त्याचा एक असे दोन पुरावे मूळ प्रतीत दाखवावे लागतात. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत वर्तमानपत्रांसाठी कॉलिनडेलला जावे असे लिहिलेले आढळेल; ते वाचनालय २०१३ मध्येच बंद झाले आहे. वाचनकक्षात पिशवी, पाण्याची बाटली आणि पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल चालते. हा नियम इथल्या बहुतेक अभिलेखागारांत आहे आणि तो योग्यच आहे, कारण शाईचा एक डाग शंभर वर्षांच्या कागदावरून पुन्हा निघत नाही. वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहाची घरी बसून वापरायची वर्गणी तेव्हा महिन्याला सुमारे १५ पौंड पडत असे. मी ती दोनच महिने घेतली. तोच संग्रह अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतील संगणकांवर फुकट पाहता येतो, हे मला वर्गणी भरल्यानंतर कळले.

या उन्हाळ्यात क्लबची आकृती हळूहळू समोर आली. १८९४ मध्ये सदर्न लीग सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या श्रेणीत मिलवॉल, ल्युटन, रेडिंग, स्विंडन यांच्या बरोबरीने इलफर्ड होता, आणि १८९५-९६ च्या हंगामात त्याने आपले सगळेच्या सगळे १८ सामने गमावले. मला या ओळीपाशी थांबावेसे वाटले. अठरा शनिवार हरत राहिलेला संघ मोडला नाही, आणि १९०५ मध्ये सहा क्लबांनी मिळून इस्थमियन लीग स्थापली तेव्हा त्या सहांत तो होता. ही लीग हौशी खेळाच्या बाबतीत इतकी कडवी होती की सुरुवातीला विजेत्यांना चषक किंवा पदकही देत नसे. 'सन्मान पुरेसा आहे' या अर्थाचे लॅटिन वचन हेच तिचे ब्रीद होते. इलफर्डने ती १९०६-०७ मध्ये आणि पुढे १९२०-२१ व १९२१-२२ अशी सलग दोनदा जिंकली. त्याहून मोठे यश म्हणजे एफए ॲमॅच्युअर कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची (एफए) हौशी क्लबांसाठीची स्पर्धा. १९२९ च्या अंतिम सामन्यात लेटनवर ३-१ आणि १९३० मध्ये बोर्नमथ गॅसवर्क्स ॲथलेटिकवर ५-१ असे लागोपाठ दोन विजय. १९५८ मध्ये वेम्ब्लीवर वोकिंगकडून ०-३ अशी हार झाली. हौशी आणि व्यावसायिक हा भेदच फुटबॉल संघटनेने १९७४ मध्ये रद्द केला, कारण बुटांत पैसे ठेवून खेळाडूंना गुपचूप मोबदला देण्याची चाल सर्वांनाच माहीत झाली होती. त्यामुळे त्या वर्षीचा ॲमॅच्युअर कपचा अंतिम सामना शेवटचा ठरला. त्यात बिशप्स स्टॉर्टफर्डने इलफर्डला ४-१ असे हरवले. म्हणजे या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीही आमचा क्लब मैदानावर होता. 'आमचा' हा शब्द मी कधीपासून वापरू लागले ते मला आठवत नाही.

पुढचा भाग लिहायला सर्वांत जड गेला. १९७० च्या दशकात लिन रोडचे मैदान घरबांधणीसाठी गेले. बेघर झालेला इलफर्ड १९७९ मध्ये शेजारच्या लेटनस्टोन क्लबमध्ये विलीन झाला आणि लेटनस्टोन-इलफर्ड असा संघ झाला. लेटनस्टोनचे ग्रॅनली रोड मैदानही विकले गेले आणि हा संघ वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूच्या ग्रीन पाँड रोडवर खेळू लागला. १९८८ मध्ये तो क्लबही यात मिसळला आणि पुढच्या वर्षी नाव झाले रेडब्रिज फॉरेस्ट. कालांतराने ग्रीन पाँड रोडही गेले. १९९२ मध्ये डॅगनम क्लबशी शेवटचे विलीनीकरण होऊन डॅगनम अँड रेडब्रिज हा क्लब जन्मला, जो २००७ मध्ये थेट फुटबॉल लीगपर्यंत पोहोचला आणि २०१६ मध्ये पुन्हा खाली आला. चार क्लब, त्यांपैकी तिघांची जुनी मैदाने घरांखाली, आणि त्यांतील दोन १९४८ च्या ऑलिंपिकची. वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूने १९५३ च्या एफए कपमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला १-१ असे रोखले होते. असे क्लब हिशेब जुळत नाहीत म्हणून नकाशावरून पुसले जातात, आणि त्यांच्या सभांची इतिवृत्ते, फोटो, चषक यांचे काय झाले हे विचारायला कुणी उरत नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते.

कागदपत्रे विखुरण्याला एक प्रशासकीय कारणही होते, आणि ते समजले नसते तर मी अर्ध्यावरच थांबले असते. रेडब्रिज ही लंडनची उपनगरपालिका १ एप्रिल १९६५ रोजी अस्तित्वात आली. त्याआधी इलफर्ड एसेक्स परगण्यात होते. म्हणून १९६५ पूर्वीची काही कागदपत्रे चेम्सफर्ड येथील एसेक्स अभिलेखागारात सापडतात आणि नंतरची रेडब्रिजमध्ये. २० जून आणि ११ जुलै अशा दोन गुरुवारी मी चेम्सफर्डला गेले. परतीचे तिकीट प्रत्येकी सुमारे २२ पौंड, आणि स्वतःच्या फोनने कागदांचे फोटो काढायचे तर दिवसाचे वेगळे शुल्क. कागद आदल्या आठवड्यात सूचीवरून क्रमांक पाहून मागवून ठेवावेत, नाहीतर दिवसातले पहिले दोन तास नुसते बसण्यात जातात. पहिल्या फेरीत मी चुकीची पेटी मागवली होती आणि दिवस जवळजवळ रिकामा गेला. परतीच्या गाडीत हे सगळे सोडून द्यावे असे वाटले. घरी आल्यावर फक्त त्या दिवशी न सापडलेल्या गोष्टींची यादी केली, आणि पुढे ती सापडलेल्या गोष्टींच्या यादीइतकीच कामाला आली.

मैदानाची नेमकी जागा ठरवण्यासाठी ऑगस्टमध्ये जमीन नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून तिथल्या एका मिळकतीचा उतारा घेतला. तेव्हा त्याचे ३ पौंड पडत. डिसेंबर २०२४ पासून तो दर ७ पौंड झाला आहे. आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारांत जशी मालकांची साखळी सापडते, तशी त्यात नसते; आजचा मालक आणि काही जुन्या अटी एवढेच असते. खरे काम झाले ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर. तिथे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे इंग्लंडचेही जुने नकाशे फुकट पाहता येतात आणि जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून वरचा थर पातळ करत नेता येतो. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी तो थर हळूहळू पातळ केला, आणि मोकळ्या जागेतून घरांची छपरे, मागची छोटी अंगणे आणि उभ्या गाड्या वर आल्या. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर ते होते.

सप्टेंबरमध्ये एका स्थानिक सामन्याला गेले असताना शेजारी बसलेल्या ऐंशीच्या घरातील गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांचे वडील त्यांना लहानपणी लिन रोडवर घेऊन जात असत. पुढच्या रविवारी त्यांनी मला चहाला बोलावले आणि कपाटावरून एक आल्बम काढला. त्याची काळी पाने कडेला भुरभुरीत झाली होती, फोटोंचे कोपरे कागदी खोबणींत अडकवलेले होते, आणि एका फोटोत, १९६० च्या दशकातल्या, लाकडी स्टँडसमोर टोप्या घातलेली माणसे पावसात उभी होती. मागे फक्त पेन्सिलने 'लिन रोड' असे लिहिलेले. छायाचित्रकाराचे नाव नाही, शिक्का नाही. गृहस्थ म्हणाले, खुशाल छापा. पण फोटो ज्याच्या घरी आहे तो त्याच्या स्वामित्वहक्काचा मालक असतोच असे नाही, आणि ही गोष्ट मला ग्रंथपाल बाईंनी वेळेवर सांगितली.

ज्या कलाकृतीचा हक्कधारक शोधूनही सापडत नाही तिच्यासाठी ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाची परवाना योजना २०१४ पासून आहे. आधी त्यांनी दिलेल्या तपासयादीप्रमाणे कसोशीने शोध घ्यावा लागतो: छायाचित्रकारांच्या संघटना, चित्रसंग्रह, स्थानिक वर्तमानपत्रे, हक्कधारकांच्या सूची, कुणाला कधी विचारले आणि काय उत्तर आले याची नोंद जोडावी लागते. मला या शोधाला पाच आठवडे लागले. एका संस्थेने तीन पत्रांना उत्तरच दिले नाही. मी तिन्ही पत्रांच्या तारखा अर्जात लिहिल्या. अर्जाचे शुल्क एका फोटोला २० पौंड आणि बिगर-व्यावसायिक वापराच्या परवान्याचे १० पेन्स अधिक कर. परवाना सात आठवड्यांनी, डिसेंबरच्या मध्यात, हाती आला. तो फक्त ब्रिटनपुरता असतो. आल्बममधला १९३० च्या सुमाराचा दुसरा एक निनावी फोटो मात्र परवान्याशिवाय वापरता आला, कारण वाजवी चौकशी करूनही छायाचित्रकार कळत नसेल तर तशा जुन्या फोटोंवरचा हक्क सत्तर वर्षांनी संपतो.

जानेवारी ते एप्रिल २०२५ हे चार महिने लेखनाचे. मी एक नियम पाळला: ज्या गोष्टीला त्या काळचा छापील किंवा लिखित आधार आहे ती सरळ विधान म्हणून, आणि ज्या आख्यायिका पिढ्यानपिढ्या ऐकवल्या जातात त्या 'असे सांगितले जाते' या शब्दांनी. ब्रिटनच्या राजाने शैलेन मन्ना यांना पाय पोलादाचे आहेत का असे विचारल्याची गोष्ट दुसऱ्या प्रकारात गेली. बाबांना ते आवडले नाही, पण ती गोष्ट मी गाळली नाही यावर त्यांनी समाधान मानले. छोट्या तपशिलांसाठी मात्र मी हट्ट केला. न्यूबरी पार्क स्टेशनबाहेरची तांब्याने मढवलेली प्रसिद्ध कमान पाहत प्रेक्षक सामन्याला आले असतील असे मी पहिल्या खर्ड्यात लिहिले होते. भुयारी रेल्वे तिथे डिसेंबर १९४७ मध्ये पोहोचली होती हे खरे, पण ती कमान १९४९ ची आहे. ते वाक्य काढावे लागले.

मे महिन्यात ४० प्रती छापल्या, १४२ पौंड. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घेतला नाही. भारतात तो विनामूल्य मिळतो, इथे एका क्रमांकाला ९० पौंडांहून अधिक पडतात आणि विक्री करायची नसेल तर तो घ्यावाच असे बंधन नाही. छापील प्रकाशनाची एक प्रत मात्र महिन्याच्या आत ब्रिटिश लायब्ररीला स्वखर्चाने पाठवणे कायद्याने आवश्यक आहे, मग ते छत्तीस पानांचे का असेना. ती प्रत यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथे टपालाने पाठवली आणि बारा दिवसांनी पोच आली. दोन प्रती रेडब्रिजच्या ग्रंथालयाला दिल्या, एक चेम्सफर्डला, आणि एक त्या आल्बमवाल्या गृहस्थांना स्वतः नेऊन दिली. प्रवास आणि टपाल धरून एकूण खर्च २९० पौंडांच्या आसपास झाला, जो पंधरा महिन्यांवर पसरल्याने झेपला.

बाबांसाठी मराठीत वेगळी आवृत्ती केली. परवाना ब्रिटनबाहेर चालत नसल्यामुळे तिच्यात पावसातल्या माणसांचा तो फोटो नाही. त्या जागी चौकट ठेवून फोटोत काय दिसते त्याचे वर्णन लिहिले आहे. पुस्तिका पोहोचल्यावर बाबांनी पहिला प्रश्न त्या रिकाम्या चौकटीबद्दल विचारला. कारण सांगितल्यावर थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "बरोबर केलंस."

३१ जुलै २०२५ रोजी, गुरुवारी, कामावरून परस्पर लिन रोडला गेले आणि साडेसहाला व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात अकरा वाजले होते तरी बाबा चष्मा लावून तयार बसले होते. दाखवण्यासारखे तिथे काही नव्हते: विटांची घरे, कचऱ्याचे डबे, एका दारात सायकल. नकाशावरून काढलेल्या अंदाजाने मी एका ठिकाणी उभी राहिले आणि मैदान साधारण इथून तिथपर्यंत होते असे हात करून दाखवले. त्यांनी मला फोन सावकाश, पुन्हा एकदा, गोल फिरवायला लावला.

त्यानंतरच्या रविवारी बाबा तालमीत गेले आणि दोन मुलांना हाताशी घेऊन मागच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक उघडली. दुपारी मला एक फोटो आला. शिवण उसवलेली एक वही, पहिल्या पानावर वर्गणीची यादी, आण्यांचे हिशेब, आणि खालचा कोपरा कसरीने खाल्लेला. फोटोपाठोपाठ त्यांचा आवाजी निरोप होता: "आधी वहीला नंबर घालतो, मग पानं मोजतो. पेन्सिलनंच लिहायचं न्हवं?"